काखेत काचणारा आवाज

४ फेब्रुवारी

दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. सगळे जिवंत आहेत. हे आधी लिहून टाकलं, आता निवांत वाच.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे मला लागत नाही, जगाला लागत असेल. मेलला उत्तर नाही. पत्ता तुझ्या जुन्या खोलीतल्या मित्राने दिला, तोही "माझं नाव घेऊ नकोस" या अटीवर, म्हणून नाव घेत नाही. जाड्या होता एवढंच सांगतो.

मी मावशीकडे आलोय. दोन-चार दिवसांसाठी आलो होतो, पण अडकलो. त्याआधी एका बंदराच्या गावात होतो, जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून बाजारात विकायचो. तिथे एक म्हातारा यायचा. एकच गेम मागायचा आणि पहिल्याच पुलावरून पडायचा. पडला की इतका खूश व्हायचा की विचारू नकोस. एकदा मी त्याला पूल कसा ओलांडायचा ते दाखवलं, त्यानंतर तो आलाच नाही. का सांगतोय मी हे? हां, जुन्या यंत्रांवरून आठवलं.

सहज विचारतो. मावशीचा डबा तू बांधलास तेव्हा त्याची काही आकृती काढून ठेवली होतीस का? परवा इथल्या दुरुस्तीच्या दुकानात तो दाखवायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, हे आहे काय? सांगताना माझीच छाती फुगली. म्हटलं, माझ्या मावशीचा घसा ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हा माझा भाऊ नुकताच कॉलेजात गेला होता, मी शाळेत, त्याने भंगारातल्या कॉम्प्युटरला एक बोलणारी चिप जोडली. मावशी टाइप करते, डबा बोलतो. आम्ही दोघं याच आवाजाची बोलणी खात मोठे झालो. दुकानदार म्हणाला, "आणि भाऊ आता कुठे असतो?" मी विषय बदलला.

घाई नाही. असलं काही तर पाठव.

मावशी ठीक आहे. हल्ली कमी बोलते.

तुझा,
भोवरा

१३ फेब्रुवारी

दादा,

टपालाला वेळ लागतो, हे मला कळतं. पण थोडं खरं सांगून टाकतो, नाहीतर तू म्हणशील याने लपवलं.

डबा अडखळतो. वाक्याच्या मध्येच दम लागल्यासारखा थांबतो आणि मग पुढचं दोन शब्द गिळून बोलतो. उघडून बघितला तर आतली बॅटरी कधीतरी गळलीय, आणि हिरवा बुरा तांब्याच्या पट्ट्या खात चाललाय. पुसला की परत येतो. डबा तापला की जास्त अडखळतो, म्हणून मावशी आता आवाज राखून वापरते. डबा फक्त शिवणाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी. माझ्याशी खडूने बोलते. कापड आखायचा तो चपटा खडू असतो ना, तो. टेबलावर लिहिते, चिंधीवर लिहिते, हातात असेल त्यावर लिहिते. काल एक बाई नवऱ्याचा कोट घेऊन गेली आणि तासाभराने परत आली. कोटाच्या अस्तरावर लिहिलेलं होतं, "आधी हात धू, मग हात लाव." बाई म्हणाली, "हे माझ्या नवऱ्यासाठी आहे का? तसं असेल तर राहू द्या."

मी हसलो. मावशी हसली नाही. तिचं कसं आहे, तुला माहीत आहे. चिडली की शब्दांमध्ये जागा न सोडता टाइप करायची आणि डब्यातून सगळे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर यायचे. आपण पळायचो. आता ती चिडली की खडू मोडतो, तेवढंच. खडूने कोणाला रागावता येतं?

मी एक उद्योग काढलाय. डबा मरायच्या आत त्याच्यातला प्रोग्रॅम बाहेर काढायचा आणि लॅपटॉपमध्ये एम्युलेटर करून त्यात चालवायचा. तुला शिकवतोय असं समजू नको, मी स्वतःला समजावतोय. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, जिथे कंटाळा आला तिथे संपलं. तर नवीन कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावायचं. सोंग इतकं बेमालूम पाहिजे की जुन्या प्रोग्रॅमला आपलं घर बदललंय याचा पत्ताच लागू नये. त्याला वाटलं पाहिजे की तीच पट्टी, तीच चिप, तोच डबा. गेमच्या बाबतीत मी हे खूप केलंय. पण गेम बिघडला तर माणूस पुन्हा सुरू करतो.

दुकानदाराकडे चिप वाचणारं यंत्र आहे. प्रोग्रॅमची चिप उपटताना माझ्या हाताला असा घाम की तो म्हणाला, "बाजूला हो, तुझाच शॉक लागेल तिला." निघाली. वाचली गेली. पुन्हा बसवली. डबा बोलला. मावशीने खडूने लिहिलं, "आता हात लावू नकोस."

बोलणारी चिप मात्र आतून वाचता येत नाही. पण तिच्यावर जगात पाच-पन्नास वेड्यांनी डोकं फोडून ठेवलंय, तिचं सोंग नेटवर तयार मिळतं. तेच उतरवून घेतलंय. सगळं जुळेल असं वाटतंय.

आकृती सापडली का? नसली तरी चालेल. नसली तर नाही म्हणून कळव. कळव मात्र.

भोवरा

२२ फेब्रुवारी

दादा,

डबा गेला.

परवा दुपारी एका गिऱ्हाइकाला ती विचारत होती, "बाह्या आखूड" एवढंच आलं. करायच्या की नाही ते राहूनच गेलं. मावशीने बटण दाबून पाहिलं, मग टाळूवर मारतात तशी डब्याला एक चापट मारली, मग मला हाक मारायला तोंड उघडलं. तोंड उघडलं, दादा. इतक्या वर्षांनी सवयीने. त्यातून काय येणार? मी मागच्या खोलीतून ते बघितलं.

लॅपटॉप तयार होता. मी तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, बोल. प्रोग्रॅम तोच, तू भरलेले उच्चार तेच, चिपच्या सोंगाचा बारीक न बारीक आकडा पुस्तकाप्रमाणे तपासलेला. अडखळणं नाही, खरखर नाही.

तिने टाइप केलं, "मी बोलतेय."

ऐकलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा टाइप केलं, "ही कोण?"

मी म्हटलं, मावशी, तूच आहेस. तोच प्रोग्रॅम आहे. ती म्हणाली, "आवाज अंगावर बसत नाही. काखेत काचतोय." मी म्हटलं, स्वच्छ झालाय म्हणून वेगळा वाटतो, सवय होईल. हे माझ्या तोंडून निघालं आणि तिचा चेहरा असा झाला की मला लगेच कळलं, हे वाक्य या खोलीत आधी कोणीतरी बोललेलं आहे.

दादा, मी त्या दिवशी घरी नव्हतो. मला तुमच्या भांडणाचं अर्धंमुर्धंच माहीत होतं. तू तिला नवा आवाज आणून दिलास, ती उलटली आणि तू घर सोडलंस, एवढंच. काल तिने सगळं लिहिलं. कापायच्या टेबलावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि लिहून झालं की बाहीने पुसत पुढे. ती झोपली असताना तू डबा काढून नवं यंत्र ठेवलंस. सकाळी दुकान उघडून तिने गिऱ्हाइकाला "या" म्हटलं, तर आतून कोणीतरी कोवळी मुलगी बोलली. दुकानात दोन माणसं होती, तू पडद्याआड उभा होतास खूश होऊन. तिने रागाने टाइप केलं, "चालता हो." आणि त्या मुलीने ते इतक्या गोड आवाजात म्हटलं, विमानात बसवताना म्हणतात तसं, की तू हसलास.

तिने लिहिलंय, "तो हसला." एवढंच पुसलं नाही, तसंच राहू दिलं.

आता माझं बघ. तिला वाटतंय मीही तेच केलं. मी म्हणतोय की मी फक्त जुनं होतं तसं उभं केलंय, आणि ती म्हणतेय की नाही केलंस. दोघांपैकी एक खोटं बोलतोय आणि आकडे माझ्या बाजूने आहेत. तरी मला रात्रंदिवस वाटतंय की तीच खरी आहे.

उत्तर दे रे. शिव्या दे हवं तर, पण दे.

भोवरा

२ मार्च

दादा,

मला कळलं काय चुकलं ते. म्हणजे कळलं, पण हातात काही आलं नाही.

मेलेला डबा मी पुन्हा उघडला. बोलणाऱ्या चिपच्या शेजारी ठोका देणारं क्रिस्टल असतं, चकचकीत बारीक डबी. चिप त्याच्या ठोक्यावर बोलते. ठोका मंद तर आवाज जरा जाड आणि सावकाश, ठोका जलद तर बारीक आणि घाईचा. पुस्तकात चिपसाठी एक ठोका दिलाय, जगातले सगळे वेडे तोच धरून चालतात, मीही तोच धरला. पण तू लावलेलं क्रिस्टल त्या जातीचं दिसतच नाही! आकार वेगळा आहे, शेजारी तू हाताने जोडलेली एक जास्तीची चिप आहे, ठोका भागून कमी करायला. तुला तेव्हा नेमकं क्रिस्टल मिळालं नसणार. कशातून तरी उपटून, जवळपास जमेल असं भागून तू ते लावलंस.

म्हणजे मावशी पहिल्या दिवसापासून चुकीच्या ठोक्यावर बोलत होती. आणि तोच तिचा आवाज होता. मी बरोबर यंत्राचं सोंग केलं. मला चुकलेल्या यंत्राचं करायला हवं होतं.

आता क्रिस्टल मोजावं, तर डबा अडखळायचा तो त्याच्यामुळेच. आतून तडकलंय. दुकानदाराने लावून बघितलं, हूं की चूं नाही. वर छापलेला आकडा पुसून गेलाय, भिंगाखाली धरलं, उजेडात तिरकं धरलं, पावडर चोळली, काही नाही. जास्तीची चिप कितीने भागते तेही बुऱ्याने खाल्लंय.

मग आम्ही कानाने बसवायला घेतलं. मी ठोका कमी-जास्त करतो, ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलते, "बाही आखूड करायची की लांब." आणि मग मला खडूने सूचना. "सैल झाला." "एक टाचणी आत घे." "खांद्यात बसला, काखेत नाही." मी म्हटलं, मावशी, आवाजाला काख कुठे असते? तिने लिहिलं, "तुला डोकं कुठे असतं?" थोडा वेळ बरं वाटलं. पण एकच वाक्य ऐकून ऐकून कान मरतात, दादा. शेवटी शेवटी ती मान हलवायची ती कशाला हे तिलाही कळत नव्हतं. संध्याकाळी तिने लॅपटॉप माझ्या हातातून घेतला आणि लिहिलं, "राहू दे. गिऱ्हाइकाला चालेल."

हे शब्द तिने कधी वापरलेले तू ऐकलेत? काज जरा तिरकं गेलं तर अख्खा शर्ट उसवणारी बाई!

आणि तिने ते खरं करून दाखवलंय. दुकानात त्या आवाजात बोलते, अगदी शिस्तीत, कामापुरतं. गिऱ्हाईक बाहेर पडलं की लॅपटॉप मिटते. घरात खडू. कालपासून खडूही नाही. जेवायला वाढते, ताट पुढे सरकवते, संपलं. दुकानाचं शटर अर्धंच वर करते. मी मुद्दाम नवा रुमाल कात्रीने कापला, ती कपडे कापायची कात्री जिला हात लावला की आपल्याला मार बसायचा. तिने बघितलं. कात्री काढून घेतली, खणात ठेवली. काही नाही.

मला पळून जावंसं वाटतंय. तुला म्हणून सांगतो. माझं आयुष्यभर हेच, अवघड झालं की पुढचं गाव. पण पुढच्या गावात मी काय करणार? लोकांचे गेम चालू करणार, आणि इथे एक बाई मुकी बसलेली असणार, तीही ऑपरेशनने नाही, माझ्या आकड्याने.

मला आकृती नको. पत्रही नको. क्रिस्टल कशातलं होतं एवढंच सांग. रेडिओ, टीव्ही, घड्याळ, टेलिफोन, काहीही. एक शब्द. दुकानाचा नंबर तोच आहे, तुला आठवत नसेल तर खाली लिहिलाय.

भोवरा

११ मार्च

दादा,

काल तू फोनवर होतास, तेव्हा तुला पुन्हा तेच सांगायची गरज नाही. पण इकडचं तुला दिसलं नाही, म्हणून लिहितोय.

तुला वाटलं मी उचलेन. मी मागे होतो. दुकानाची वेळ होती, म्हणून तिनेच उचलला आणि गिऱ्हाइकांसाठीच्या त्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. बोला." तिला फोनची एक सवय लागलीय, ती तुला माहीत नाही. असला आवाज ऐकून लोकांना वाटतं जाहिरातीचा यांत्रिक फोन आहे, ते ठेवून देतात. त्यामुळे पलीकडे जरा शांतता झाली की ती स्वतःच रिसीव्हर खाली न्यायला लागते. तू गप्प होतास. तिचा हात निम्म्यावर आला होता, आणि मी तोवर तिच्या शेजारी पोचलो होतो.

तेवढ्यात तू म्हणालास, "मावशी, सुरात थोडी वर लागलीयस ग."

दादा, तिने माझ्याकडे असं बघितलं! कोर्टात आपल्या बाजूचा साक्षीदार आल्यासारखं. तू कोण, कुठून, इतकी वर्षं कुठे होतास, काही नाही. पहिलं वाक्य काय टाइप केलं? "मी याला तेच सांगतेय."

मग तू मला बोलावलंस आणि म्हणालास, "तू ओरडणार." तुझ्या आवाजात मी ते ऐकलं आणि मला लहानपणचं आठवलं, तू काहीतरी फोडलंस की आधी माझी समजूत घालायचास. "तुझी ती निळी मोटार," म्हणालास, "तिच्या रिमोटमधलं."

माझी निळी मोटार! अरे, ती बंद पडली तेव्हा मीच पाण्यात बुडवली असं धरून मावशीने मला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं होतं. मी रडून सांगत होतो की नाही बुडवली, आणि नव्या डब्यातून मला झापलं जात होतं, "खोटंबोलूनकोस." माझ्याच मोटारीच्या ठोक्यावर! आणि तू तिथेच उभा होतास, चेहरा हा असा करून.

तू आकडा सांगितलास, कितीने भागायचा तेही सांगितलंस, तोंडपाठ. मला हसू आवरत नव्हतं, त्यामुळे दोनदा चुकीचा भरला. तेवढ्यात मावशीने टाइप करायला घेतलंच होतं. थांब म्हणायला हवं होतं. चालू बोलण्यात ठोका बदलू नये, कुठलाही शहाणा सांगेल. मी शहाणा नाही. म्हणून तू ऐकलंस ते तसं ऐकलंस: "तू त्या दिवशी" गिऱ्हाइकाच्या आवाजात आणि "हसलास का" तिच्या.

इथे काय झालं सांगतो. ती थबकली. आपण कोट बेतून दिला की माणूस आरशासमोर खांदे वर-खाली करून बघतो, बसलाय का, तसे तिने खांदे हलवले. दोनदा. मग सगळं खोडून वाक्य पहिल्यापासून पुन्हा लिहिलं, प्रत्येक शब्दामध्ये जागा सोडून, सावकाश. "तू त्या दिवशी हसलास का?"

तू म्हणालास, "तुला नाही ग हसलो. त्या आवाजाला हसलो."

ती म्हणाली, "मला तोच दिला होतास."

मग तू बराच वेळ काही बोलला नाहीस. मला वाटलं, ठेवला. तिलाही वाटलं असणार, पण तिने हात हलवला नाही. मग तू "हो" म्हणालास. नुसतं "हो". मी लॅपटॉपची वायर नीट लावली, कारण मध्येच चार्जिंग संपलं असतं तर मी जीव दिला असता, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो. पुढचं मला माहीत नाही आणि सांगू नकोस. आतून एकदा शब्द अंगावर पडत आल्यासारखे वाटले, सलग, जागा न सोडता. एवढं गोड कधी काही ऐकलं नव्हतं. शेजारचा चष्मेवाला दुकानातून डोकावून म्हणाला, "काय रे, मावशी परत चालू झाल्या वाटतं?" मी म्हटलं, हो, आता तुम्हीही जपून राहा.

आज सकाळी शटर पूर्ण वर होतं. माझ्यावर तीनदा ओरडून झालंय. त्यातलं एक रुमालाचं होतं, म्हणजे बघितलेलं सगळं साठवून ठेवलं होतं तिने.

आता कामाचं. हे तिने मला लिहायला सांगितलंय. शेजारी उभी राहून बघतेय मी लिहितो की नाही ते. तुझी मापं हवीत. तिच्याकडे जुनी आहेत, पण ती म्हणते इतक्या वर्षांत माणूस कुठून कुठे जातो. मी म्हटलं, मग काल फोनवरच विचारायचं होतंस. म्हणाली, "फोनवर मापं चुकतात. आणि विचारल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

छाती, खांदा, बाहीची लांबी, मनगट. दोरीने मोज, फूटपट्टीने नको. पोटाचं खरं लिही, श्वास आत ओढून मोजू नकोस.

भोवरा